शवपेटीवरचं पिल्लू

मेलेल्या माणसाला पुन्हा मारता येतं, हे इसायला जीपनीत बसल्या बसल्या कळलं.

मारिकिनाहून कुबाओला जाणारी जीपनी, म्हणजे मनिलाची लांबलचक वडापची जीप, गुडघ्याला गुडघा लागलेला. समोरच्या बाकावर एक कॉलेजातली पोरगी फोनवर खेळत होती आणि त्या फोनमधून इसायची आई बोलली. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"राजा, थोडे पेसो टाक की," आई म्हणाली. "मग कुणाला विचारायची गरजच नाही. खुशाल चाल!"

तोच किंचित घोगरा आवाज, शब्दाच्या शेवटी वर चढणारा. पण हे वाक्य आईनं उभ्या जन्मात उच्चारलं नव्हतं. कुणी पैसे दिले असते तरी उच्चारलं नसतं. इसायनं छताला टकटक करून जीपनी थांबवली आणि भलत्याच ठिकाणी, एका टायरवाल्याच्या दुकानासमोर उतरली. तिथे फुटपाथवर बसून ती किती वेळ रडली ते तिचं तिला माहीत. टायरवाल्यानं काही न विचारता एक स्टूल आणून दिलं.

आता ही आई कोण आणि फोनमध्ये कशी शिरली, ते सांगायला हवं.

नानाय म्हणजे आई. नानाय बिनिंग मारिकिनाची, म्हणजे बुटांच्या गावची. जन्मभर तिनं बुटांचं कातडं शिवलं. बोटांना भोकं पडली, पण तोंड गोड राहिलं. उकळतं पाणी अंगणात ओतायचं झालं तरी आधी म्हणायची, "ताबी-ताबी पो." म्हणजे बाजूला व्हा हं बाबांनो, पाणी टाकतेय. वारुळात, झाडाखाली राहणारे जे जागेवाले आपल्याला दिसत नाहीत, त्यांना चटका बसू नये म्हणून. तिकडे सगळेच म्हणतात, पण नानाय बिनिंग असं म्हणायची की ऐकणाऱ्याला वाटावं, आत्ता कुणीतरी खरंच पाय आखडून घेतला.

तिच्या माडीवर इसायनं आणि आतोयनं मिळून खेळ बनवला. आतोय म्हणजे रेनातो व्हियाक्रूझ, इसायचा कॉलेजपासूनचा दोस्त. घर लांब, खिसा रिकामा, म्हणून नानायच्या सोफ्यावरच मुक्काम ठोकून असायचा. तिलाही नानायच म्हणायचा. खेळाचं नाव 'ताबी-ताबी'. ना बंदूक, ना तलवार. सांजवेळी गावाबाहेरच्या वाटेनं घरी पोचायचं, इतकंच. वाटेत वारूळ लागतं, पारंब्यांचं जुनं झाड लागतं. तिथे थांबायचं, परवानगी मागायची, मग पुढे जायचं. घाई केली की वाट चुकलीच म्हणून समजा. वाट सांगणारी एक म्हातारी असते, लोला बिनिंग, म्हणजे बिनिंग आजी. तिला आवाज द्यायला नट परवडणार कुठून? कपड्यांच्या कपाटात नानायला बसवलं, दार लावलं आणि बोलायला लावलं. मध्येच ती आतून ओरडायची, "अरे मेल्यांनो, भात करपतोय!" तेही ध्वनिमुद्रित झालं.

खेळ चालला. नुसता चालला नाही, मनिलापासून दाव्हाओपर्यंत पोरं खरोखरच्या झाडापाशी थांबून 'ताबी-ताबी पो' म्हणायला लागली. जिकडे गूळ तिकडे मुंगळे. मोठी कंपनी आली. तिचं ऑफिस सिंगापूरला आणि तिचे मालक त्याहूनही वर कुठेतरी. ते मालक कधी कुणाला दिसले नाहीत. अगदी जागेवाल्यांसारखे, फक्त परवानगी मात्र प्रत्येक गोष्टीला त्यांची लागायची.

इसायला विकायचं नव्हतं. आतोयनं नानायच्या स्वयंपाकघरात बसून सगळ्यांची समजूत घातली. "नाव आपलंच राहील, माणसं आपलीच राहतील. खेळाला कुणी हात लावणार नाही. नानाय, तुझ्या गळ्याची शपथ!" गळ्याचीच घेतली बघा शपथ, नेमकी.

पुढचं जगात सगळीकडे होतं तेच झालं. ताबी-ताबीच्या नावानं गाड्यांच्या शर्यतीचा खेळ निघाला. मग फळं फोडायचा निघाला. मग चक्र फिरवून बक्षीस काढायचा निघाला. इसायच्या माणसांनी ऑफिसात चटया टाकल्या, ढोपरं घासून काम केलं, बायकापोरांची तोंडं विसरली. आणि एका दुपारी, जेवणाचे डबे उघडलेले असताना, सगळ्यांची यंत्रं एकदम बंद पडली. पडद्यावर सिंगापूरची एक गोड बाई आली आणि म्हणाली, तुम्ही आमचं कुटुंब आहात, उद्यापासून येऊ नका. गरज सरो, वैद्य मरो. एकटा आतोय राहिला, वरच्या मजल्यावर, मनिलाचा मुख्य होऊन.

इसायनं तेव्हा शिव्या दिल्या आणि गप्प बसली. नोकरीचं काय, आज आहे उद्या नाही. घरोघरी मातीच्या चुली. पण या वेळी त्या टायरवाल्याच्या स्टुलावर बसूनच तिनं आतोयला फोन लावला.

"आतोय, हा काय प्रकार आहे? नानाय पैसे मागतेय!"

"अगं, नवीन आवृत्ती आहे," आतोय म्हणाला. "लोकांना वेळ नसतो गं. झाडापाशी थांबा, विचारा, कंटाळतात. म्हणून पास काढलाय. पास घेतला की विचारायचं नाही, सरळ जायचं."

"विचारायचं नाही? अरे, विचारणं हाच तर खेळ होता!"

"तू अजून तिथेच आहेस."

"आणि ती हे असं कधी बोलली?"

"बोलली नाही. जुन्या आवाजावरून यंत्रानं बनवलंय. हुबेहूब आहे ना? सिंगापूरवाले तर फिदा झाले."

"माझ्या मेलेल्या आईच्या तोंडून तू भीक मागवतोयस, आतोय."

मग आतोय वकिलाच्या आवाजात बोलला. "हे बघ इसाय, तो तुझ्या आईचा आवाज नाही. तो लोला बिनिंगचा आवाज आहे. आणि लोला बिनिंग कंपनीची आहे."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक असतात असं इसाय ऐकून होती. त्यातला एक आपल्या सोफ्यावर झोपून, आपल्या आईच्या हातचं जेवून मोठा झालाय, हे तिला नव्हतं माहीत. तिनं फोन ठेवला. रडू आटलं होतं. त्या जागी दुसरंच काहीतरी आलं होतं आणि ते पुरतं थंड होतं.

ती तशीच आलिंग चारिंगकडे, म्हणजे चारिंगमावशीकडे गेली. आलिंग चारिंगचं शवपेट्यांचं दुकान. नानायची पेटी तिनंच दिली होती, उधारीवर.

"आलिंग चारिंग, खून झालेल्याच्या पेटीवर कोंबडीचं पिल्लू ठेवतात ना गं?"

"ठेवतात तर," आलिंग चारिंग पॉलिश मारता मारता म्हणाली. "पिल्लू पेटीच्या झाकणातल्या काचेवर टोचा मारतं, तिकडे खुन्याच्या मनाला टोचतं. खाऊ देत नाही, झोपू देत नाही. माझ्या दिराच्या वेळी ठेवलं होतं. लामायच्या जागरणाच्या रात्री संपायच्या आत तो माणूस स्वतः पोलिसात गेला."

"आणि माणूस आधीच मेलेला असेल, खून नंतर झाला असेल तर?"

आलिंग चारिंगनं फडकं खाली ठेवलं. इसायनं फोन काढून तिला तो आवाज ऐकवला. म्हातारीनं छातीवर क्रूस काढला.

"बिनिंग पैसे मागेल? अगं, ती मला उसने दिलेले विसरून जायची!" ती उठली. "पेटी कुठली हवी? पांढरी घे. पैशाचं नंतर बघू."

कंपनीची काचेची इमारत मांदालुयोंगला, अगदी जुन्या वस्तीला चिकटून. फाटकासमोरची गल्ली कंपनीची नाही, वस्तीची. वस्तीची कपितान, म्हणजे वस्तीप्रमुख, एक दणकट बाई. तिच्याकडे इसाय लामायची, म्हणजे पुरण्याआधी पेटीपाशी सगळ्यांनी बसायच्या जागरणाची, परवानगी मागायला गेली.

"मेलंय कोण?" कपितान म्हणाली.

"माझी आई. लोला बिनिंग."

"ती खेळातली?" कपिताननं इसायकडे निरखून पाहिलं. "माझी नात झोपताना तिचंच ऐकायची. परवा मला म्हणते, आज्जी, बिनिंग आजी आता सारखी पैसे का मागते?" तिनं खुर्ची मागे सारली. "मांडव घाला. अर्धा रस्ता अडवा. पोलीस आले तर माझ्याकडे धाडा."

आणि मुहूर्त कुठला? नव्या आवृत्तीच्या उद्घाटनाचा. सिंगापूरचे पाहुणे यायचे होते, फाटकावर भिंतीएवढा पडदा लागला होता आणि त्यावर लोला बिनिंग दुपारपासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, राजा, थोडे पेसो टाक की. तिच्या बरोब्बर समोर निळ्या ताडपत्रीखाली तिचीच पांढरी पेटी आली. पेटीत नानायचा फुलाफुलांचा घरातला झगा, आणि तिचा शिवायचा दाभण. काचेवर तिचा फोटो. आणि फोटोजवळ, चिमूटभर तांदळापाशी, पिवळं पिल्लू. टक, टक, टक.

कामावरून काढलेली सगळी माणसं आली. पारंब्यांचं झाड रंगवणारा आला, रातकिड्यांचे आवाज गोळा करत रानात हिंडलेली आली. आल्याचा उकाळा आला, बिस्किटं आली, कलिंगडाच्या भाजक्या बिया आल्या. मग खेळणारे यायला लागले. त्यांना कुणी बोलावलं होतं देव जाणे. पोरंपोरी रांगेनं पेटीपाशी जात आणि पुटपुटत, ताबी-ताबी पो. एका कोपऱ्यात पत्त्यांचा डाव बसला, लामायला बसतोच. एकजण हसून म्हणाला, "जुगार समोरच्या काचेतही चाललाय. पण आपल्याकडे निदान डावाचा वाटा मेलेल्याच्या घरी जातो."

कंपनीचा राखणदार मांग तोन्यो, म्हणजे तोन्योकाका, याला वरून हुकूम आला, हे सगळं हटवा. तो आला, पिल्लाकडे पाहिलं, टोपी काढली आणि खुर्चीवर बसला.

"मांग तोन्यो, काय करताय?" वायरलेसमधून कुणीतरी ओरडलं.

"लामाय आहे, सर."

"ती खोटी आहे! पेटी रिकामी आहे!"

"पिल्लू खरं आहे, सर," मांग तोन्यो म्हणाला आणि बिया सोलू लागला.

कंपनीतली माणसं सुटली तीही घरी जाईनात. लामायवरून थेट घरी कुणी जात नाही. वाटेत कुठेतरी थांबायचं, चहा प्यायचा, मेलेल्याची सोबत झटकायची, मगच उंबरठा ओलांडायचा. समोरून नुसतं गेलं तरी ते लागू होतं का, यावर त्यांचा वाद झाला आणि बहुतेकजण सरळ मांडवातच येऊन बसले. उद्घाटनाचा सूत्रसंचालकही त्यांच्यात होता. आत सिंगापूरचे पाहुणे हातात पेले घेऊन काचेतून बघत राहिले.

दिवेलागणीला आतोय खाली आला. अंगात कलाबतूचा बारोंग सदरा, केसांना तेल. मांडवात आल्या आल्या त्याची नजर पिल्लावर गेली आणि तिथून हलेना. तो खेड्यात वाढलेला. पिल्लू म्हणजे काय ते त्याला शिकवायला नको होतं.

"इसाय, हे काय मांडलंयस?"

"बस. उकाळा घे."

"नको. पाहुणे आलेत वर. त्यांना वाटतंय इथं कुणीतरी खरंच गेलंय."

"गेलंच आहे की."

तो बसला. पत्तेवाल्यांनी पत्ते पालथे ठेवले.

"ऐक," तो खालच्या आवाजात म्हणाला. "मी भांडायला नाही आलो. तुला द्यायला आलोय." त्यानं फोन काढला, तिच्या कानाशी धरला.

"आतोय!" फोनमध्ये नानाय ओरडली, खरी नानाय, कपाटातली. "शेवटचा सुका मासा तू खाल्लास ना रे चोरा? बाहेर येऊन बघतेच तुला!" आणि मग ती हसली. हसता हसता खोकली. खोकता खोकता पुन्हा हसली.

हे हसू इसाय विसरत चालली होती. आईचा चेहरा फोटोत होता, झगा पेटीत होता, पण हे हसू कुठेच नव्हतं. या एका यंत्राशिवाय.

"असं तासन् तास आहे," आतोय म्हणाला. "रागावणं, गाणं, सगळं. तुझ्या घरी पोचवतो. फक्त एक सही कर, आवाज वापरायला तुझी हरकत नाही म्हणून. आणि हे उठव."

"आणि सही नाही केली तर?"

"तर बाहेर देता येत नाही. सिंगापूरचा कायदा आहे."

"आणि पुसायचं असेल तर?"

"पुसायला काय, मी एका फोनवर पुसतो. पण कुणाला..." तो थांबला. "इसाय, असं काय बघतेस?"

"पुसून टाक."

"काय?"

"सगळं. यंत्रातलं, कपाटातलं, हसणं, खोकणं. ठेवलंस की तुम्ही तिला उद्या आणखी काहीतरी बोलायला लावाल. परवा आणखी काही. तिला गप्प मरू दे, आतोय."

"तुझ्याकडेही काही उरणार नाही मग. वेडी आहेस का? तिचा आवाज जगात कुठेच उरणार नाही!"

"मला कळतंय ते."

"मी नाही पुसणार. आज तर नाहीच. पडद्यावर चाललंय, पाहुणे उभेत. माझी नोकरी जाईल."

"आमची गेली तेव्हा जेवणाचे डबे उघडे होते," इसाय म्हणाली. ती शांतपणे बोलत होती आणि त्यामुळेच आजूबाजूच्यांना भीती वाटायला लागली होती. "बरं. नाही पुसत म्हणतोस तर चल, तुला सोडायला येते."

आतोयचा चेहरा उतरला. लामायला आलेल्याला घरच्यानं सोडायला जायचं नसतं. आभारही मानायचे नसतात. पाहुणा आपला आपण उठतो, आपला आपण जातो. घरच्या माणसानं त्याला दारापर्यंत पोचवलं की मरण त्याच्यासोबत चालायला लागतं. एरवी तोंडाला येईल ते बोलणारी माणसंही असलं काही कधी करत नाहीत. इसाय खुर्चीचा हात धरून अर्धवट उठली होती.

"बस खाली," आतोय घाईनं म्हणाला. "बस म्हणतो ना! असलं खोटंसुद्धा बोलू नये."

"तू सिंगापूरच्या लोकांना सांग ना, हे सगळं थोतांड आहे म्हणून. मग घाबरतोस कशाला?"

"इसाय, माझ्या घरी बायको आहे, सासू आहे..."

"माझ्या घरी आई होती."

पिल्लानं काचेवर टोचा मारला. टक. आतोयनं पेटीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं आणि फोन लावला. घसा खाकरून तो इंग्रजीतून बोलला, मग चिडून तागालोगमधून. "हो, सगळं. मूळचंसुद्धा. साठवणीतलंसुद्धा. हो, मीच सांगतोय, माझ्या नावावर टाक. आत्ता!"

सगळे पडद्याकडे बघत राहिले. भिंतीएवढी लोला बिनिंग सुरकुतलेला हात पुढे करून म्हणत होती, "राजा, थोडे पेसो..." आणि आवाज तुटला. ओठ हलत राहिले. म्हातारी हात पसरून, तोंड उघडून-मिटून, मुकी उभी होती आणि काचेमागे पाहुण्यांची पळापळ सुरू झाली होती.

मांडवात कुणी टाळी वाजवली नाही. मांग तोन्योनं पुन्हा टोपी काढली. इसायनं पेटीवर हात ठेवला. ते हसू तिच्या कानात अजून होतं, पण किती दिवस राहील ते तिला सांगता आलं नसतं.

"झालं," आतोय म्हणाला. कपाळावरचा घाम त्यानं बारोंगच्या बाहीनं पुसला. "झालं ना तुझ्या मनासारखं? माझी नोकरी गेल्यात जमा आहे. येतो मी."

तो उठला, आणि इसायही उठली.

दोन पावलं तो चालला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की ती बरोबर चालतेय. "इसाय, काय करतेस? मागे जा."

ती चालत राहिली.

"इसाय! मी पुसलं ना सगळं! तू म्हणालीस पुसलं नाहीस तर..."

"म्हणाले होते खरी. तूही म्हणाला होतास, खेळाला कुणी हात लावणार नाही."

माणसांनी वाट करून दिली. कुणीही तिला अडवलं नाही आणि त्याला कुणी हात दिला नाही. आतोयनं पावलं उचलली, तिनंही उचलली. बारोंग सावरत तो जवळजवळ धावतच गाडीपाशी पोचला, किल्लीसाठी खिसे चाचपले, किल्ली हातातून पडली. इसायनं ती उचलून दिली. मग स्वतःच्या हातानं गाडीचं दार उघडलं, पाहुण्यासाठी उघडावं तसं, आणि तो आत बसेपर्यंत धरून ठेवलं.

"आल्याबद्दल फार फार आभार, आतोय," ती म्हणाली. "नानायला बरं वाटलं. आता सरळ घरी जा. वाटेत कुठे थांबू नकोस."